मर्लिन ॲप आणि पावसाचे एआय चार्ट, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून वापरून बघितले

फुकटात मिळणाऱ्या ॲपांत मर्लिनएवढं मन लावून केलेलं काम मी तरी दुसरं बघितलं नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी लॅबचं आहे, 2021 पासून त्यात आवाजावरून पक्षी ओळखायची सोय आली, आणि खरं सांगायचं तर आतलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुने बघून शिकलेला प्रोग्रॅम, आवाज ऐकतच नाही, बघतं! आवाजाचं चित्र करतात, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात, आणि फोटो ओळखावा तसं ते चित्र ओळखलं जातं. तेच चित्र आपल्याही स्क्रीनवर सरकत असतं, ओढ्याकाठी शीळ कस्तूर गायला लागला की ती शीळ वरखाली कशी जाते ते दिसतं, नाव उजळतं, मग नावावर टॅप करून तिथल्या नमुन्याशी आपलं रेकॉर्डिंग ताडून बघायचं.

मला हवं ते नेमकं हेच. आमच्या रानात भृंगराज पक्षी भरपूर, शिक्र्यापासून सातभाईपर्यंत कुणाचीही नक्कल करतात, तिथे कुठलंही मशीन फसू शकतं, पण पुरावा समोर असला की माणूस सावध होतो. मागे एक वेगळंच ॲप वापरत होतो, फोटो टाकला की नाव आणि टक्केवारी, बास. कशावरून ते विचारायची सोयच नाही, काढून टाकलं.

मर्लिनच्या फोटो ओळखीतही चोच बघितली की गळा ते दाखवलं तर काय बहार येईल. आणि हे अशक्य नाही हो, 2019 साली ड्यूक विद्यापीठात सिंथिया रुडिन यांच्या गटाने प्रोटोपीनेट नावाचं फोटो ओळखणारं मॉडेल केलं ते पक्ष्यांच्याच 200 जातींवर तपासलं होतं. फोटोतला हा तुकडा शिकताना बघितलेल्या त्या तुकड्यासारखा दिसतो, असे तुकडे जुळवत आणि त्यांना वजन देत ते नाव ठरवतं, म्हणजे कारण मागाहून चिकटवलेलं नसतं. गोव्याचा राज्यपक्षी लाल गळ्याचा बुलबुल दाखवला आणि त्याने गळ्यावर बोट ठेवलं, तर शाळेतलं पोरसुद्धा पक्षी बघायला शिकेल.

आता पाऊस. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान अंदाज केंद्राचं एआयएफएस हे एआयवर चालणारं मॉडेल फेब्रुवारी 2025 पासून रोजच्या कामात आहे, चार्ट वेबसाईटवर फुकट बघता येतात. पण ते नकाशावर चौकोनांची जाळी टाकून अंदाज काढतं, त्यातला एक चौकोन साधारण 28 किलोमीटर बाजूचा, आपला गोवा 3702 चौरस किलोमीटर, म्हणजे चार-पाच चौकोनांत सगळा गोवा आला! पणजीत ऊन आणि वाळपईत धो धो, हे त्यात कुठून दिसणार? म्हणून मी नुसता पावसाचा आकडा घेत नाही, हवेच्या दाबाचा नकाशा उघडतो, किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा आहे का बघतो, आणि त्यांच्याच भौतिकशास्त्रावर चालणाऱ्या जुन्या मॉडेलचा चार्ट शेजारी लावतो. दोन्ही जुळले तरच काजूच्या बिया अंगणात वाळत टाकायच्या. आतलं गणित मात्र बंदच आहे, पाऊस का वाढवला ते एआयएफएस सांगत नाही, त्याचे मार्क कापले.

मर्लिनला पाचपैकी साडेचार, चार्टांना साडेतीन. मोले किंवा तांबडी सुर्ल्याला जाणार असाल तर मर्लिनचा भारतातल्या पक्ष्यांचा पॅक घरीच वायफायवर उतरवून घ्या, रानात रेंज मिळेलच असं नाही, आणि ओळख ऑफलाईन चालते.