पाकीट न फोडता आतलं दाखवणारा स्प्रे: वापरून पाहिला

हा स्प्रे मी एकाच पाकिटासाठी मागवला. बाबांच्या ट्रंकेत तळाशी मिळालं ते. 1974 साली त्यांनी आत्याला हुबळीच्या पत्त्यावर लिहिलेलं, ‘लेफ्ट’, म्हणजे पत्ता सोडून गेली, असा शेरा घेऊन परत आलेलं, तसंच बंद. त्या वर्षी घराच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं होतं. आत काही कडू लिहिलं असेल तर आत्याच्या हाती द्यावं का, या विचारात होतो.

बाटली लहान, किंमत 450 रुपये. वास सॅनिटायझरसारखा, म्हणजे आत मुख्यतः अल्कोहोल. भजी बांधलेला कागद तेल लागल्यावर आरपार दिसतो, तीच गोष्ट इथे. कागदाच्या तंतूंमधल्या हवेमुळे उजेड विखुरतो. त्या जागी द्रव भरला की उजेड पलीकडे जातो. अल्कोहोल उडून गेलं की कागद पूर्ववत.

आधी माझ्याच हातची पत्रं घालून पाहिलं. पातळ पांढऱ्या पाकिटातला एकपदरी कागद वाचता आला, जेमतेम अर्धा मिनिट. तोच कागद तीन घड्या करून घातला तर ओळींवर ओळी चढल्या आणि चार शब्दही धड लागले नाहीत. पत्र घडी न घालता कोण पाठवतं? खाकी पाकिटात काहीच नाही. बँकेच्या पाकिटात आतून छापलेली निळी नक्षी तेवढी दिसली, ती असते त्याचसाठी. प्लास्टिकच्या पाकिटावर थेंब नुसते ओघळले.

आणि बॉलपेनची शाई फुटली. जाहिरातीत ‘कोणतीही खूण राहत नाही’ असं ठळक लिहिलंय, ते खोटं आहे. माझ्या कागदावर अक्षरांभोवती जांभळट डाग उरले. बाबा बॉलपेननेच लिहायचे. ते पाकीट मी लगेच उचलून कपाटात ठेवलं.

मी मिरजेला आरएमएसमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, 31 वर्षं पत्रांचं सॉर्टिंग केलं. 1898 च्या टपाल कायद्यात पोस्टातल्या माणसाने पत्र फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होती. आम्हाला मात्र कलमाची आठवण करून द्यावी लागत नसे. लोकांची पत्रं हाताखालून जायची आणि ती बंदच पुढे जायची. असं असून मी स्वतः आत्याच्या पत्रावर बाटली धरून बसलो होतो, याची लाज वाटली. पत्र तिचं होतं.

रविवारी नेऊन दिलं. केसांतल्या आकड्याने फोडायला गेली तर पन्नास वर्षांचा गोंद वाळलेला, झाकण आपोआप सुटलं. वाटणीचा उल्लेख शेवटच्या दोन ओळींत होता. त्याआधी पानभर परड्यातल्या आंब्याविषयी लिहिलं होतं, यंदा उतरवायला तू हवीस म्हणून.

बाटली पाऊण भरलेली आहे. पेट घेणारी वस्तू, म्हणून स्वयंपाकघरातून काढून गच्चीच्या खोलीत ठेवली आहे. कुणी मागितली तरी देणार नाही.