घाट रुंद करायचा की टाळायचा?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं खरं दुखणं बोरघाटात आहे. सहापदरी द्रुतगती आणि चौपदरी जुना महामार्ग आडोशी बोगद्याजवळ एकत्र येतात आणि खंडाळ्यापर्यंत दहा पदरांचा भार सहा पदरांवर पडतो. त्यात चढावर रांगणारे ट्रक!

तिथेच पदर वाढवणं वरवर सोपं वाटतं. पण त्यासाठी डोंगर आणखी कापावा लागेल, आणि आडोशीच्या दरडी २०१५ च्या पावसाळ्यात आपण पाहिल्यात. शिवाय काम चालू असताना वाहनं वळवणार कुठे?

दुसरा पर्याय घाट टाळणाऱ्या नव्या रस्त्याचा: खोपोली-कुसगाव ‘मिसिंग लिंक’, सुमारे १३ किलोमीटरची. दोन बोगदे, दरीवर केबल पूल. अंतर सहाएक किलोमीटरने कमी. खर्चिक खरी, पण माझं मत तिलाच. लोणावळ्याला जाणाऱ्यांना मात्र घाट चुकत नाही.