स्वस्त मिनी शेव्हर की मोठ्या कंपनीचा? फिरतीवरच्या काही महिन्यांचा अनुभव

माझी नोकरी फिरतीची. औषध कंपनीचा एमआर म्हणून कराड-कोल्हापूर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-रत्नागिरी असा पट्टा माझ्याकडे आहे. महिन्यातले बरेच दिवस लॉजवर उजाडतात, आणि ओपीडीबाहेर बॅग घेऊन उभं राहायचं तर गालावर खुंट चालत नाहीत. सकाळची एसटी गाठायची घाई, गरम पाण्याची खात्री नाही, आरशाजवळ धड उजेड नाही. त्यात ब्रश, क्रीम, रेझर हा सगळा संसार मांडून बसण्यापेक्षा प्रवासापुरता इलेक्ट्रिक शेव्हर वापरायचा असं ठरवलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर दोन शेव्हर घेतले. एक ऑनलाइन मिळणारा सातशे-आठशेचा मिनी, दुसरा मोठ्या कंपनीचा, साधारण बावीसशेचा. आता दिवाळी होऊन गेली आहे. दोन्ही आलटून-पालटून, एकेक टूर अख्खी एकावरच काढून वापरले.

मिनीचं नाव लिहिण्यात अर्थ नाही, कारण तोच साचा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. फोटो तेच, डबा तोच, फक्त वरची अक्षरं बदलतात. मुठीत मावणारा, धातूच्या अंगाचा, एकाच गोल डोक्याचा, यूएसबी-सीवर चार्ज होणारा. दुसरा फिलिप्स, ब्राउन, पॅनासोनिक या तिघांपैकी एकाचा आहे: जाळीचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, मागे कल्ल्यांसाठी छोटा ट्रिमर असलेला. मॉडेल सारखी बदलत राहतात, म्हणून नंबर देण्यापेक्षा काय बघायचं तेच लिहितो.

सगळ्यात आधी हे सांगतो की पहिल्या महिन्यात दोघांत जवळजवळ काही फरक जाणवत नाही. उलट मिनीच आवडतो. हलका आहे, आवाज कमी, दिसायला देखणा. त्यामुळे घेतल्यावर चार दिवसांत लिहिलेले रिव्ह्यू या वस्तूसाठी फारसे कामाचे नाहीत. शिवाय रेझरची सवय असलेल्या कातडीला इलेक्ट्रिक शेव्हरशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतातच. त्या काळात मानेवर लाली, थोडी आग, बारीक पुरळ हे दोन्हींनी झालं. शेव्हर कितीही महाग घ्या, हे आठवडे काढावे लागतात. दुसऱ्याच दिवशी वस्तू परत करणारे बरेच जण इथेच चुकतात. मला तुरटीचा खडा ओला करून फिरवल्यावर बरं वाटायचं, अजूनही वाटतं.

आता दाढीबद्दल. जाळीच्या शेव्हरमध्ये वर कागदापेक्षा पातळ, छिद्रांची धातूची जाळी असते आणि तिच्याखाली पात्यांचा गठ्ठा झपाट्याने डावी-उजवीकडे सरकतो. छिद्रातून आत शिरलेला केस तिथल्या तिथे कापला जातो. गोल डोक्यात फटी असतात आणि खाली पाती पंख्यासारखी फिरतात. फिलिप्सचा १९३९ चा पहिला शेव्हरही असाच एका गोल डोक्याचा होता, आणि ब्राउन १९५० पासून जाळीच्या वाटेने गेली. दोन्ही पद्धती जुन्या आणि सिद्ध झालेल्या आहेत, एक हलकी नि दुसरी भारी असं नाही. रोज दाढी करणाऱ्याला जाळी जास्त जवळून कापून देते. पण रविवारी दाढी केली नाही आणि सोमवारी-मंगळवारी करायला घेतली, तर वाढलेले केस आडवे पडतात आणि जाळीच्या छिद्रात शिरतच नाहीत. तेव्हा आधी ट्रिमर मारून मग जाळी फिरवावी लागते. मिनी असे दोन दिवसांचे केस फटीतून बऱ्यापैकी उचलतो. हा गुण त्याला मोकळेपणाने द्यायला हवा.

मान मात्र त्याला जमत नाही. माझ्या जबड्याखाली केस एका बाजूला झोपलेले आहेत, कंठमण्याच्या दोन्ही अंगांना तर उलट दिशांनी. एवढ्याशा एकाच डोक्याने तिथे गोल गोल किती वेळा फिरवायचं? पाचव्या-सहाव्या फेरीला केस निघतो, पण तोवर कातडी तापलेली असते. जाळीचा शेव्हर असला की डाव्या हाताने कातडी वर ताणून धरायची, केसांच्या उलट दिशेने आखूड हात मारायचे, आणि मान दोन मिनिटांत साफ होते. ओपीडीत शर्टाची कॉलर लागून दिवसभर चुरचुरणं कोणाला नको असेल त्याने हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा.

विजेचं प्रकरण जास्त महत्त्वाचं निघालं. मिनीला यूएसबी-सी आहे, म्हणजे मोबाइलचाच चार्जर चालेल असं कोणीही धरून चालेल. माझा फोनचा चार्जर दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरचा आहे. त्याला लावला की शेव्हर ढिम्म. दिवा लागत नाही, चार्ज होत नाही. जुन्या चपट्या यूएसबीच्या अडॅप्टरला लावला की लगेच चालू. कारण असं आहे की सी-टू-सी वायरवर चार्जर आधी समोर उपकरण आहे का ते तपासतो, आणि ते कळवण्यासाठी उपकरणाच्या सॉकेटमागे ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर लागतात. स्वस्त वस्तूंमध्ये नेमके तेच गाळलेले असतात. काही पैशांची बचत, आणि लॉजवर रात्री अकराला आपण वायर शोधत बसतो. असा शेव्हर घेतला तर ए-टू-सी वायर (एका टोकाला जुना चपटा यूएसबी, दुसऱ्याला सी) आणि जुना अडॅप्टर त्याच्याच पाऊचमध्ये कायमचा ठेवून द्या.

दुसरी गोष्ट लॉकची. माझ्या मिनीचं बटण समोर, उघड्यावर आहे आणि लॉक नाही. एसटीच्या रॅकवर बॅगा एकावर एक रचल्या की ते दाबलं जातं. घाट उतरताना वरून घरघर ऐकू यायला लागली, शेजारचे गृहस्थ वर बघायला लागले, आणि बॅग हाताशी येईपर्यंत बॅटरी संपत आली होती. विमानाने जाणाऱ्यांसाठी तर हा नियमाचाच भाग आहे: लिथियम बॅटरी आत असलेलं उपकरण आपोआप चालू होणार नाही याची काळजी प्रवाशाने घ्यायची असते. शेव्हरची बॅटरी तशी फार छोटी, ३.७ व्होल्ट आणि पाचशे एमएएच धरले तर दोन वॅट-तासही भरत नाहीत, आणि विमानातली नेहमीची मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. त्यामुळे केबिन बॅगेत न्यायला अडचण नाही. सुटं दुधारी ब्लेड केबिनमध्ये चालत नाही, त्या मानाने हे सुटसुटीत. काही स्वस्त मॉडेलमध्ये बटण तीन सेकंद दाबून लॉक करायची सोय असते. घेण्याआधी ते नक्की विचारा. माझ्या जाळीच्या शेव्हरला वरचं झाकण फिरवून बंद केलं की बटण झाकलंच जातं. इतकी साधी युक्ती, पण त्यानंतर बॅगेत तो कधी चालू झालेला नाही.

पेन्सिल सेलवर चालणारा शेव्हर म्हणजे जुनाट वस्तू, असं आमच्या ग्रुपमधली तरुण मुलं म्हणतात. मला ते पटत नाही. सेल कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात, सॉकेट शोधावा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे बॅटरी मेली म्हणून आख्खा शेव्हर फेकावा लागत नाही. फक्त साधे स्वस्त सेल टाकू नका, ते पडून राहिले की गळतात आणि आतले स्प्रिंग हिरवे पडतात. अल्कलाइन घ्या, किंवा रिचार्जेबल. रिचार्जेबलचा व्होल्टेज १.२ असतो, साध्याचा १.५, त्यामुळे शेव्हरचा आवाज थोडा खाली येतो. पण रिचार्जेबलचा जोर शेवटपर्यंत बऱ्यापैकी टिकतो, अल्कलाइनचा हळूहळू उतरत जातो. मी आता रिचार्जेबलच वापरतो आणि घरी असताना सेल काढून ठेवतो.

पावसाळ्याने खरी परीक्षा घेतली. जुलैत चिपळूणच्या लॉजवर टॉवेल वाळत नाही, तिथे शेव्हर कुठून वाळणार! मिनीवर ‘वॉशेबल’ लिहिलंय, पण आयपीएक्स रेटिंग, म्हणजे वस्तू पाण्याला किती दाद देत नाही याचं ठरलेलं मोजमाप, कुठेच नाही. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलेलं. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ किंवा ‘वॉशेबल’ शब्दाला असा कुठलाच ठरलेला अर्थ नाही. एकदा मिनीचं डोकं उघडून मोबाइलच्या टॉर्चमध्ये नीट पाहिलं. कापलेल्या केसांची पूड आणि ओल मिळून कडेला राखाडी लगदा घट्ट बसला होता, पात्यांच्या मुळाशी तांबूस ठिपके दिसत होते आणि कुबट वास येत होता. दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून काढलं, पण ठिपके गेले नाहीत. जाळीचा शेव्हर त्याच पावसात, त्याच लॉजवर होता. त्याला गंज आला नाही. धुतल्यावर डोकं उघडं ठेवून पंख्याखाली वाळवायचं आणि आठवड्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब शेव्हरच्या डोक्यावर सोडायचा, एवढं मी दोघांनाही सारखंच केलं. कोकणात राहणाऱ्यांनी आणि मुंबईकरांनी हे तेल विसरू नये.

आणि आता जाळी-पात्यांची झीज. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो. गणपतीच्या सुमारास मिनी केस कापायच्या ऐवजी ओढायला लागला. खालच्या ओठाखालच्या कडक केसांवर फिरवला की डोळ्यांत पाणी यायचं. झीज सगळ्यांचीच होते. ब्राउन जाळी आणि पाती १८ महिन्यांनी बदलायला सांगते, पॅनासोनिक बाहेरची जाळी वर्षाने आणि आतली पाती दोन वर्षांनी, फिलिप्स डोकी दोन वर्षांनी. फरक एवढाच की त्यांचे सुटे भाग नंबर टाकून मागवता येतात. मिनीचं डोकं मागवायला गेलो तर मूळ लिस्टिंगच गायब. तेच फोटो दुसऱ्या नावाखाली सापडले, तिथेही सुटं डोकं नाही. डब्यावरच्या कस्टमर केअरच्या नंबरवर फोन लागतो, पण पलीकडून उत्तर एकच, ‘सर, नवीन पीस घ्या.’

पैशांचा हिशेब मी कागदावर मांडून बघितला. मिनी आठ-नऊ महिने टिकतो असं धरलं तर तीन वर्षांत चार घ्यावे लागतात, म्हणजे तीन हजारांच्या आसपास. मोठ्या कंपनीचा बावीसशे, मध्ये एकदा जाळीचे हजार-बाराशे, वर सेलचा खर्च. हा जरा जास्तच होतो, पण फार नाही. म्हणजे मोठा ब्रँड घेऊन पैसे वाचतात असं मी म्हणणार नाही. मिनीच्या प्रत्येक नगाचे शेवटचे काही महिने जे केस ओढण्यात जातात, ते मला नको आहेत. महिन्याच्या शेवटी टार्गेट गळ्याशी आलेलं असताना सुजलेली मान घेऊन डॉक्टरांसमोर उभं राहायची माझी तयारी नाही.

जाळीचीही एक कमजोरी आहे, ती लपवत नाही. जाळी फार नाजूक असते. शेव्हर बेसिनमध्ये पडला, किंवा झाकण न लावता बॅगेत टाकला आणि किल्ली टोचली, तर जाळीला पोचा येतो किंवा चीर पडते. चिरलेली जाळी ब्लेडसारखी कापते. प्रत्येक टूरआधी डोकं काढून उजेडासमोर धरून बघायची सवय लावा. छिद्रांच्या सरळ ओळीत कुठे लांबट उजेड दिसला की ती जाळी वापरायची नाही. मिनीचं गोल डोकं या बाबतीत दणकट आहे. माझ्या हातून दोनदा फरशीवर पडूनही त्याला काही झालं नाही.

डब्यावर काय बघायचं? आयात करणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि कुठल्या देशात बनला हे छापलेलं असायलाच हवं, तो पॅकबंद मालाचा कायदाच आहे. ते नसेल तर किंमत न बघता डबा परत ठेवा. त्यानंतर सुट्या जाळीचा नंबर विचारा आणि तो भाग आज, आत्ता विकत मिळतोय का हे स्वतः फोनवर शोधून बघा. मी कोणालाही शेव्हर सुचवताना आता पहिला प्रश्न हाच विचारतो.

महिन्यातून एखाददुसरी रात्र बाहेर राहणाऱ्याला, किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी ठेवायला, मिनी उत्तम आहे. त्यासाठी बावीसशे घालवू नका. आठवड्याला बॅग भरणाऱ्यांनी जाळीचा घ्यावा. मात्र रूम शेअर करणारे सहकारी सकाळी ‘जरा दे रे’ म्हणतात, तेव्हा स्पष्ट नाही म्हणा. दाढीत न दिसणाऱ्या बारीक जखमा होतात आणि हेपॅटायटिस बी अशा सामायिक रेझर-शेव्हरमधून पसरू शकतो. रोज डॉक्टरांत वावरणाऱ्या आपण लोकांनी तरी हे पाळायलाच हवं.

आणखी एका प्रवासासाठी मी हा शेव्हर आवर्जून सुचवतो: हॉस्पिटलच्या. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या पेशंटला डॉक्टर ब्लेडऐवजी इलेक्ट्रिक शेव्हर वापरायला सांगतात, कारण साध्या कापल्याचंही रक्त लवकर थांबत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना ॲडमिट करायची वेळ आली तर पिशवीत जाळीचा, सेलवरचा शेव्हर आणि दोन जादा सेल टाका. वयस्कर माणसाची सैल कातडी बोटांनी हलकेच ताणून धरली की जाळी पलंगावर आडव्या पडलेल्या माणसाच्या गालावरही सरळ फिरते, आणि वॉर्डातल्या पलंगापाशी वायर कुठे लावायची हा प्रश्नच येत नाही.