हरवलेली चावी ‘ब्लॉक’ करायचे १,५०० घेतले, आणि गाडीत चौथी चावी घुसवली

चावीवाल्याने एकूण १८,१०० रुपये नेले. स्मार्ट चावीचे ११,८००, हरवलेली चावी ‘ब्लॉक’ करायचे १,५००, अलार्मचे ४,२०० आणि चावीचा सिग्नल अडवणाऱ्या पाकिटाचे ६००. चारांपैकी एकही काम धड निघालं नाही.

गाडी पुश स्टार्टची, म्हणजे बटण दाबून सुरू होणारी. दोन चाव्यांपैकी एक कळंगुटच्या वाळूत गेली. शोरूमने तीन आठवडे सांगितले आणि दर १९,४००. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठ दिवसांवर आलेली. अशा वेळी व्हॅन घेऊन दारात येणारा, हातात खरा स्कॅनर असलेला आणि दहा मिनिटांत गाडीचा पिन, म्हणजे चाव्या नोंदवायचा गुप्त आकडा, काढून दाखवणारा माणूस कोणालाही जाणकारच वाटेल. तो जाणकार होताही, म्हणून तर हे जमलं.

जे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं ते आधी सांगते. बहुतेक गाड्यांत हरवलेली एकच चावी निवडून पुसता येत नाही. ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे इमोबिलायझरच्या मेमरीतल्या सगळ्या चाव्या पुसायच्या आणि हातात असलेल्या एकेक करून पुन्हा शिकवायच्या, अशी ती पद्धत. म्हणजे चावी खरोखर ‘ब्लॉक’ करायची तर त्याला घरातली जुनी चावी मागावीच लागते. त्याने ती मागितलीच नाही. काम संपेपर्यंत ती आत खुंटीवर लटकत होती, आणि तो गेल्यावर गाडी तिच्यावर निमूट सुरू झाली. तेव्हा बरं वाटलं, म्हटलं जुनीही चालते! अहो, पुन्हा न शिकवता ती चालली याचा अर्थच हा की काहीही पुसलेलं नव्हतं. वाळूतली चावीसुद्धा तशीच चालत होती.

दुसरी खूण डोळ्यांसमोर घडली. डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लागला, विझला, म्हणजे नवी चावी नोंदली गेली. मग त्याने ट्रेमधून दुसरा रिमोट उचलला, बटणाला टेकवला, आणि दिवा पुन्हा लागून विझला. म्हणाला, “पहिल्या वेळी एरर आला.” एरर आलाच नव्हता. सुरुवातीला स्कॅनरवर नोंदलेल्या चाव्या २ दिसत होत्या. शेवटचा आकडा त्याने दाखवला नाही, मीही विचारला नाही. महिन्याने शोरूमच्या मशीनवर ४ आला: हरवलेली, घरातली, नवी आणि एक त्याच्याकडची. काम प्रामाणिक असतं तर आकडा २ राहिला असता. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकड्यांचा फोटो घ्या. मशीन काढून घेण्याआधी.

‘कंपनीची ओरिजिनल’ म्हणून दिलेली चावी उघडली तर आत कुठल्याही गाडीला चालणारं स्वस्त सर्किट. जुन्या चावीच्या सर्किटवर संरक्षक थर आहे, यात सोल्डरचे डाग उघडेच. आपल्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे सेलच्या पट्टीवर महिनाभरातच हिरवट बुरा चढला होता. त्याहून वाईट म्हणजे आतली लोखंडी पात कोरीच, एकही खाच पाडलेली नाही. सेल संपला की दार उघडायला तीच पात लागते. पात बाहेर ओढून बघायला पाच सेकंद लागतात. चिप तपासायची तर सेल काढा, रिमोट गाडीच्या स्टार्ट बटणाला टेकवा. बहुतेक पुश स्टार्ट गाड्या अशा सुरू होतात, कारण चिपला ऊर्जा गाडीच्याच कॉइलमधून मिळते, सेल लागत नाही. हे सगळं पैसे देण्याआधी.

अलार्मच्या ४,२०० बद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. स्टिअरिंगखालच्या वायरी सोलून, पिळून वर नुसती काळी टेप. ना सोल्डर, ना वेगळा फ्यूज. तीन रात्री गाडी उभी राहिली की बॅटरी उतरलेली. मीटर लावल्यावर बंद गाडी ३२० मिलिअँपिअर खात होती. साधारण ५०च्या आत असायला हवं. दिवसाला साडेसात अँपिअर-तास गेले तर ३५च्या बॅटरीत उरणार काय? इलेक्ट्रिशियनने १,२०० घेऊन ते सगळं काढलं.

आणि ते पाकीट! चावी त्यात घालून दारापाशी उभं राहिलं की दार उघडतं. कीलेस गाडी १२५ किलोहर्ट्झवर चावीला हाक मारते आणि चावी ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते. चोर हीच हाक यंत्राने लांबवून घरातल्या चावीपर्यंत पोचवतात. पाकिटाने दोन्ही अडवायला हवं. विकत घेताना गाडीपाशीच परीक्षा घ्या. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाही चालतो, पण त्याचीही परीक्षा करूनच.

पोलिसांत गेले तर, “गाडी चोरीला गेलीय का? नाही ना? मग हे दिवाणी.” दिवाणी कसं? खोटं सांगून पैसे घेणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि गाडीची जास्तीची चावी परक्याच्या खिशात. चोरी होईपर्यंत थांबायचं का? तीन फेऱ्या मारल्या, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि दर वेळी प्रश्न एकच, “पावती आहे?” पावती नव्हती. पैसे मोबाइलवरून एका व्यक्तीच्या नावावर गेले होते, दुकानाच्या नाही. शेवटी लेखी अर्ज देऊन पोचेचा शिक्का घेतला. तुम्हीही तोंडी सांगून परत येऊ नका. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. म्हणून व्हॅनच्या नंबर प्लेटचा फोटो आधी काढा. विमा कंपनीलाही चावी हरवल्याचं लेखी कळवा. चोरीच्या दाव्यात ते दोन्ही चाव्या मागतात.

शोरूममध्ये २,३६० भरून सगळ्या चाव्या पुसल्या, घरातली आणि नवी तेवढ्याच पुन्हा शिकवल्या. आकडा २. सगळं मिळून २१,६६० गेले. चिपची नोंद पुसली तरी कुलूप तेच राहतं, त्यामुळे वाळूतल्या चावीच्या पातीने दार अजूनही उघडेल. ते कुलूप बदलायचं बाकी आहे.