ओआरएसचं पाकीट: एक लिटर म्हणजे एक लिटरच

"दोन दिवस पाजलं, तरी जुलाब थांबले नाहीत." ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या क्षार-ग्लुकोजच्या पाकिटाबद्दल ही तक्रार हमखास ऐकू येते. पण जुलाब थांबवणं हे त्याचं कामच नाही. पोट बिघडलेलं असतानाही आतडं ग्लुकोजच्या जोडीने सोडियम शोषून घेतं आणि त्यामागोमाग पाणी आत जातं. बाळ सुकत नाही ते यामुळे, आणि या कामात पाकीट अव्वल आहे.

घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. फळांच्या गोड पेयांत साखर याच्या कितीतरी पट. ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली, हे फार बरं झालं.

घोळ होतो तो कालवताना. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात टाकलं की द्रावण खारट, दाट होतं आणि रक्तातलं मीठ धोकादायक वाढू शकतं. शिवाय पुडीत क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही, त्यामुळे अर्धी पुडी म्हणजे अर्धं औषध नव्हे. उकळून गार केलेलं पाणी लिटरच्या बाटलीने मोजा, पूर्ण पुडी रिकामी करा. वरून साखर, दूध, सरबत काही नको. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. लहान बाळ असेल तर 200 मिलिची छोटी पुडी घ्या, वाया कमी जातं. भुकटीचा दगड झाला असेल तर ती वापरू नका.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलि, मोठ्याला 100 ते 200. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-चमचा पाजा. चव अश्रूंसारखी किंचित खारट लागते, म्हणून मुलं तोंड फिरवतात. वाटी-चमचाच कामी येतो. अंगावरचं दूध, पेज, मऊ वरणभात चालू ठेवा. सोबत डॉक्टरांना विचारून झिंक 14 दिवस, जुलाब आधी थांबले तरी.

डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे गेली, सहा तास लघवी नाही, शीमध्ये रक्त दिसलं, किंवा बाळ पेंगून पितच नाही, तर पुडीवर विसंबू नका, थेट दवाखाना गाठा. सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ओआरएस मोफत मिळतं.