शोषखड्डा, गोबरगॅस की कर्दळीचा वाफा? आठ गाई आणि पनीर असलेल्या घरासाठी

आठ संकरित गाई, घरच्याच 50 लिटर दुधाचं रोजचं पनीर आणि गोठ्यामागे साचलेलं काळपट डबकं. अशा घरी खर्च करायची तयारी असते, पण कशावर करायचा ते ठरत नाही. पर्यायांकडे वळण्याआधी एक विनंती: शेणमुताचं पाणी, कॅन-भांडी धुतल्याचं पाणी आणि पनीरचं पाणी एकाच गटारात सोडू नका. तिन्ही एकत्र आली की पुढचा कोणताही उपाय धड चालत नाही.

यात दिसायला सगळ्यात निर्मळ असलेलं पाणी सगळ्यात जास्त नुकसान करतं, ते म्हणजे पनीरची निवळी. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल हे बीओडीने मोजतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅम असतो, तर निवळीचा 30,000 ते 50,000. म्हणजे एक लिटर निवळीचा भार जवळपास एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतका. 50 लिटर दुधातून 40 लिटरच्या आसपास निवळी निघते. ती ओढ्यात सोडणं म्हणजे चाळीस माणसांची वस्ती रोज ओढ्यावर आणून बसवणं. सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याला 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ओढ्या-नदीत सोडायच्या पाण्याला 30 ची. घरच्या घरी निवळी तिथवर आणणं परवडत नाही. ती जनावरांना पाजा. आठ गाईंत वाटली की वाट्याला पाच-पाच लिटर येते. एक-दीड लिटरपासून सुरुवात करून आठवडाभरात वाढवा, आंबायच्या आत त्याच दिवशी संपवा आणि जस्ताच्या बादलीत ठेवू नका, कारण आंबट पाणी जस्त खातं.

आता शोषखड्डा, म्हणजे दगडगोटे भरून पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारं बंद केली, तेव्हापासून हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. खर्च सगळ्यात कमी, जागाही थोडी. पण तो खड्डा न्हाणी-मोरीच्या पाण्यासाठी आहे. गोठ्याच्या पाण्यातले शेणाचे बारीक तंतू आणि दुधाची चरबी दगडगोट्यांवर साय धरतात आणि खड्डा तुंबतो. आमच्या काळ्या रानात पहिल्याच पावसाळ्यात आमचा खड्डा काठोकाठ भरून उभा राहिला होता. ओली काळी माती फुगते, पाणी जिरूच देत नाही. मुरमाड जमीन असेल, विहीर जवळ नसेल आणि फक्त हात-पाय, कपडे धुतल्याचं पाणी असेल, तर खड्डा जरूर काढा. मूत्र मात्र त्यात मुळीच नको. त्यातला नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमच आहे. तान्ह्या बाळांना त्याचा धोका सगळ्यात जास्त.

गोबरगॅसचं गणित थोडं सविस्तर बघू, कारण इथेच लोक फसतात. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे 40 लिटर गॅस मिळतो. म्हणजे चार घनमीटरच्या संयंत्राला रोज 100 किलो शेण लागतं आणि आठ संकरित गाई ते सहज देतात. शेणाइतकंच पाणी, म्हणजे 100 लिटर. महाराष्ट्राच्या हवेत हा काला साधारण 40 दिवस आत मुरायला हवा, म्हणून रोजच्या 200 लिटरला 8,000 लिटरची टाकी. आता पाइप लावून गोठा धुतला आणि 600 लिटर धुवण आत गेलं, तर शेणासकट 700 लिटर रोज आत आणि तेवढंच रोज बाहेर. मुक्काम 40 दिवसांवरून साडेअकरा दिवसांवर येतो, जीवाणू वाहून जातात, शेगडी मंद होते आणि दोष संयंत्राला लागतो. गोबरगॅस शेण जिरवतो, गोठ्याचं सगळं पाणी नाही. फिनेल, ब्लीचिंग पावडर किंवा कॉस्टिक आत गेलं तरी तोच परिणाम. बादली-दोन बादल्या निवळी चालते, पण 40 लिटर एकदम ओतली तर काला आंबतो. एवढं सांभाळलं तर माझ्या मते पहिला मोठा खर्च गोबरगॅसवरच करावा. घरचा गॅस मिळतो, बाहेर पडणारा मुरलेला काला, म्हणजे स्लरी, शेताला जाते. अनुदानासाठी पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा.

उरलेल्या धुवणाला दोन वाटा राहतात. पहिली, गाळटाकी करून पुढे खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ किंवा पाणकणीस. हा वाफा चांगला चालतो, वासही जातो, पण गाळटाकी नियमित उपसली नाही तर खडी तुंबते आणि सगळी उपसून धुवावी लागते. घरात वेळ असलेलं माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका. दुसरी, गाळटाकीतलं पाणी सरळ नेपियर गवताला. दोन-तीन तुकडे पाडून पाळीपाळीने द्यावं, कोथिंबीर-मेथीसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला देऊ नये. जागा असेल तर मी हीच वाट निवडेन. फक्त कॅन धुतल्याचं सोड्याचं पाणी रोज एकाच तुकड्यात नको. त्यातल्या सोडियमने काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न जिरणारी होते आणि चोपण झालेलं रान परत आणायला वर्षं जातात. पावसात वाफसा नसताना तर गवतालाही सोडू नका, सगळं वाहून ओढ्यात जाईल.

नव्याने गोठा बांधत असाल तर मुक्त संचार गोठ्याचा, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या फिरतात अशा गोठ्याचा, विचार आधी करा. त्यात रोजचं धुणंच फारसं उरत नाही. बांधीव गोठा असेल तर शेण आधी फावड्याने कोरडं भरा, मग पाणी मारा. निम्मं धुवण तिथेच कमी होतं.

आणि टाकीचं माप काढण्याआधी पत्र्याला पन्हळ लावा. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर एक इंच पाऊस पडला की सुमारे 2,300 लिटर पाणी खाली येतं. ते गोठ्याच्या नालीत उतरलं तर चार-पाच दिवसांच्या धुवणाइतकं पाणी एका सरीत गाळटाकीत येतं आणि तळाचा गाळ ढवळून थेट वाफ्यात नेऊन टाकतं.