सेवेतील जवानाचे मोटार कर्ज : शोरूम, पगाराची बँक की स्वतःचा फंड?

वार्षिक रजेचा शेवटचा आठवडा उरला की जवानाच्या घरी मोटारीचा विषय निकाली काढण्याची घाई सुरू होते. अशाच एका आठवड्यात सातारा भागातील एका हवालदाराने शोरूममधून आणलेले कोटेशन माझ्यासमोर ठेवले. कर्ज ७ लाख रुपये, मुदत ६० महिने, मासिक हप्ता १५,१६७ रुपये आणि कोपऱ्यात पेनाने लिहिलेले, दोनदा अधोरेखित केलेले शब्द : ‘व्याज फक्त ६ टक्के’. पगाराच्या बँकेने त्याला ९ टक्के दर सांगितला होता, त्यामुळे शोरूमचे कर्ज स्वस्त आहे अशी त्याची खात्री झाली होती आणि सही करण्यापुरतेच तो थांबला होता.

हे ६ टक्के ‘फ्लॅट’ दराचे होते, म्हणजे हप्त्यांतून मुद्दल फिटत गेले तरी पाचही वर्षे व्याज मूळ ७ लाखांवरच लागत राहणार होते आणि ते २ लाख १० हजार होणार होते. बँकेचे ९ टक्के घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फिटलेले मुद्दल वजा करून उरलेल्या रकमेवरच होते. त्याच रकमेचा आणि त्याच मुदतीचा बँकेचा हप्ता सुमारे १४,५३१ रुपये येतो आणि एकूण व्याज १ लाख ७२ हजारांच्या आत राहते. शोरूमचा ६ टक्के दर घटत्या शिल्लकीच्या हिशेबात मांडला, तर तो जवळपास १०.८५ टक्के भरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक असून त्यात सर्व आकारांसह वार्षिक दर लिहावा लागतो. दोन कर्जांची तुलना करायची असेल तर ती या एका आकड्यावर करावी, पेनाने लिहिलेल्या आकड्यावर नव्हे.

गाडी कोठून घ्यायची आणि पैसे कोठून उभे करायचे, हे मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत. शोरूममध्ये ते एकाच टेबलावर, एकाच माणसाकडून सुटतात, आणि रजा संपत आलेल्या माणसाला ही सोय फार मोठी वाटते. ती सोय खोटीही नाही, कारण गाडी आठवड्याभरात दारात उभी राहू शकते. मात्र त्याच टेबलावर विमा, ॲक्सेसरीज आणि कर्जाच्या संरक्षणाची वेगळी पॉलिसीही जोडली जाते, तिचा हप्ता मुद्दलात मिसळला जातो आणि त्यावरही पाच वर्षे व्याज पडते. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे, म्हणजे सैन्याच्या सामूहिक विम्याचे संरक्षण जवानाला आधीच असते. तेव्हा ही पॉलिसी खरोखर हवी आहे का, हे सहीपूर्वी विचारावे आणि वाहनाचा विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नसते हेही लक्षात ठेवावे.

गाडी घेण्याचा दुसरा मार्ग सैनिकी कॅन्टीनचा, म्हणजे सीएसडीचा (कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट). सीएसडीला जीएसटीचा निम्मा परतावा मिळतो आणि तोच जवानाच्या सवलतीचा मुख्य आधार आहे. येथे एक बदल नीट समजून घ्यायला हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत ६ लाख धरली, तर पूर्वी निम्म्या कराची बचत सुमारे ८४ हजारांची होती आणि आता ती ५४ हजारांची आहे. गाडी सर्वांसाठीच स्वस्त झाली, पण कॅन्टीन आणि बाजार यांतील अंतर कमी झाले. सणासुदीला शोरूमने रोख सूट आणि जुन्या गाडीवर बोनस दिला, तर हे अंतर आणखी घटते. म्हणून ‘कॅन्टीनची गाडी म्हणजे डोळे झाकून स्वस्त’ हे गावातील निवृत्त मंडळींचे मत आज जसेच्या तसे स्वीकारू नये, दोन्ही किमती एकाच दिवशी लेखी घ्याव्यात. तरीही माझा कल कॅन्टीनकडेच राहील, मात्र हाताशी वेळ असेल तर.

वेळ लागतो तो कागदांना. कॅन्टीनमार्फत किती वर्षांनी आणि किती किमतीची गाडी घेता येते यावर हुद्द्यानुसार मर्यादा आहेत. २०१९ मध्ये त्या कडक झाल्या आणि पुढेही बदलत राहिल्या आहेत, त्यामुळे चालू मर्यादा युनिटच्या कॅन्टीनमध्येच तपासावी. पोर्टलवर अर्ज, स्मार्ट कार्ड, युनिटची मंजुरी आणि मग पैसे, असा क्रम असतो. गाडीची किंमत डीलरच्या खात्यात जात नाही, ती सीएसडीकडे जमा होते, आणि नोंदणी व विम्याचे पैसे मात्र डीलरला वेगळे द्यावे लागतात. कर्ज देणाऱ्या शाखेला ही दोन ठिकाणची रक्कम आधीच समजावून सांगितली नाही, तर डीलरच्या नावाने मंजुरी निघते, ती परत फिरवावी लागते आणि रजेचे आठ दिवस त्यातच जातात. छावणीजवळच्या शाखेला हे काम सरावाचे असते, गावाकडच्या शाखेला नसते. म्हणून अर्ज ड्युटीवर असतानाच, रजेच्या महिना-दोन महिने आधी, पगाराचे खाते असलेल्या शाखेत करावा आणि रजेत फक्त गाडी ताब्यात घ्यावी.

पैशांच्या बाजूने पाहता पूर्वी सरकारकडून मोटारीसाठी अग्रिम (उचल) मिळत असे, सातव्या वेतन आयोगानंतर तो बंद झाला. त्यामुळे आता शोरूमचे कर्ज सोडले तर बँक आणि स्वतःचा भविष्यनिर्वाह निधी हेच मुख्य पर्याय उरतात. स्टेट बँकेचे डिफेन्स सॅलरी पॅकेज, पंजाब नॅशनल बँकेची रक्षक योजना अशा खात्यांवर प्रक्रिया शुल्कात किंवा दरात सवलत मिळू शकते. पण मला त्याहून मोठा लाभ वाटतो तो हप्ता पगाराच्याच खात्यातून वळता होण्याचा. शोरूमच्या वित्त कंपनीला अनेकदा गावाकडच्या संयुक्त खात्याचा तपशील दिला जातो. त्या खात्यातून घरखर्च, शाळेची फी, खतांचे पैसे निघत असतात, आणि जवान नेटवर्क नसलेल्या चौकीवर असताना एखाद्या महिन्यात शिल्लक अपुरी पडली की हप्ता परत जातो, दंड लागतो, पतनोंदीवर डाग पडतो आणि हे सारे त्याला पुढच्या रजेत कळते.

फंडाचा पर्याय अधिक विचार मागतो. अधिकाऱ्यांचा डीएसओपी आणि जवान-जेसीओंचा (कनिष्ठ आयुक्त अधिकारी) एएफपीपी फंड या भविष्यनिर्वाह निधींवर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के व्याज मिळत आले आहे. नऊ टक्क्यांनी कर्ज काढण्यापेक्षा सात टक्क्यांचे स्वतःचे पैसे वापरावेत, हा युक्तिवाद आकड्यांत बरोबर आहे. पण तो खरा ठरण्यासाठी वाचलेला हप्ता दरमहा फंडात परत भरला पाहिजे. हे फार थोडे लोक करतात. आज काढलेले २ लाख याच दराने दहा वर्षे राहिले असते तर जवळपास ३ लाख ९७ हजार झाले असते, आणि बहुतेक जवान पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान निवृत्त होतात, म्हणजे ज्या वयात मुलांची शिक्षणे आणि घर दोन्ही समोर असतात. परतफेडीचा अग्रिम मिळत असेल तर तो घ्यावा, कारण त्याची वसुली पगारातूनच होते. कायमची रक्कम काढायची झाल्यास ती सुरुवातीच्या भरण्यापुरतीच काढावी, म्हणजे कर्ज लहान राहते आणि फंडही रिकामा होत नाही.

मुदतीच्या बाबतीत सात वर्षांचा मोह टाळावा. त्याच ७ लाखांचा ९ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता सुमारे ११,२६२ रुपयांवर येतो, पण व्याज जवळपास ७४ हजारांनी वाढते. निवृत्तीला सहा वर्षे उरली असताना सात वर्षांचे कर्ज घेतले, तर शेवटचे हप्ते पेन्शनमधून द्यावे लागतात.

अग्निवीराचे गणित वेगळे आहे. त्याला एएफपीपी फंड नाही, सेवा चार वर्षांची आहे आणि पहिल्या वर्षी दरमहा ३० हजारांपैकी २१ हजार हाती येतात. १४ हजारांचा हप्ता त्यात बसत नाही आणि सेवेअखेर एकरकमी मिळणाऱ्या सेवा निधीच्या भरवशावर लांब मुदतीचे कर्ज देऊ करणाऱ्याला त्याने नकार द्यावा. दुचाकीवर चार वर्षे सहज निघतात.

हवालदाराच्या कागदावर शेवटी एक गोष्ट राहिलीच होती. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रस्ता कर एकरकमी भरावा लागतो, म्हणजे ८ लाखांच्या गाडीला ८८ हजार, आणि शोरूमने ती रक्कमही कर्जात धरली होती. त्याची पुढची बदली राजस्थानात होती. २०२१ पासून सुरू झालेल्या भारत मालिकेतील क्रमांक संरक्षण दलातील व्यक्तीला घेता येतो. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो आणि बदलीच्या राज्यात पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. एवढा एक बदल केला की लागणारे कर्जच कमी होते. त्याने ते कोटेशन घडी घालून खिशात ठेवले, शोरूमला फोन करून पुढच्या रजेत येतो असे सांगितले, आणि युनिटच्या कॅन्टीनमधील क्लार्कचा नंबर शोधायला लागला.